मुदतीतली भुतावळ: एका हातात उरकणाऱ्या रंगांचा अनुभव

निकाल आधी सांगून टाकते, कारण ज्याच्या डोक्यावर तारीख बसली आहे त्याला प्रस्तावना वाचायला सवड नसते. सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट, आर्मी पेंटरचे स्पीडपेंट २.० आणि व्हॅलेहोचे एक्सप्रेस कलर हे तिन्ही रंग टेबलावरच्या युद्धखेळांतल्या छोट्या मूर्तींचा, म्हणजे मिनींचा, तुंबलेला ढीग उपसायला कामाचे आहेत. हाडं, कातडी पट्टे, फर, फाटके कपडे, माणसाची किंवा राक्षसाची त्वचा यांवर बिनधास्त वापरा. सपाट चिलखत, रणगाडे, मोठे पंख यांच्यावर वापरण्याआधी मात्र खालचं सगळं वाचा. आणि अख्खा संच घेऊ नका. सात-आठ बाटल्या, एक मीडियम (रंग पातळ करायचं द्रव) आणि प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराच्याच छटेचा एक साधा रंग, एवढ्यावर माझं सैन्य उभं राहिलं.

सैन्य म्हणजे एज ऑफ सिग्मार या युद्धखेळातली भुतावळ. सांगाडे, झोंबी, तरंगणारी पिशाच्चं आणि एक झोंबी ड्रॅगन. काही डबे घेतल्यापासून उघडलेले नव्हते, काही मिनी अर्धवट चिकटवून पडल्या होत्या, आणि सांगाड्यांची एक तुकडी राखाडी प्लास्टिकच्याच अंगाने कित्येक लढाया मारून आली होती. या छंदातल्या बहुतेकांच्या कपाटात असा एक कप्पा असतो, त्यामुळे त्याचं मी फार मनाला लावून घेत नव्हते. पण आमच्या गटाने मोठ्या खेळासाठी नियम काढला: रंग नसेल तर टेबलावर जागा नाही. तसं हे काही जगावेगळं नाही. वॉरहॅमर ४०,००० या दुसऱ्या युद्धखेळात २०२० च्या नवव्या आवृत्तीपासून १०० पैकी १० गुण नुसते सैन्य रंगवलेलं असण्याचे मिळू लागले. त्याला ते 'बॅटल रेडी' म्हणतात: मुख्य भागांना रंग आणि बेस (मिनीखालची चकती) पूर्ण केलेला. माझं उद्दिष्ट तेवढंच होतं. बक्षिसाच्या स्पर्धेला बसवायची मूर्ती घडवायची असेल तर हे परीक्षण तुमच्यासाठी नाही.

आणखी एक सांगून ठेवते. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते; दिवसाचा बराच वेळ कॅप आणि ब्रिजच्या छटा जुळवण्यात जातो. त्यामुळे पांढऱ्या आणि हाडाच्या रंगावर मी पुढे गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे. कंटाळा आला तर तो भाग सोडून द्या.

हे रंग वेगळे कसे, ते थोडक्यात. नेहमीच्या अ‍ॅक्रिलिकने रंगवताना कामाचे तीन टप्पे असतात. आधी मूळ रंगाचे दोन पातळ हात, मग खाचांसाठी पातळ गडद वॉश, मग उंचवट्यांवर उजळ रंग. कॉन्ट्रास्ट जातीच्या रंगात मीडियम भरपूर असतं आणि रंग पारदर्शक असतो. ते मीडियम असं बनवलेलं असतं की रंग उंचवट्यावरून घसरून खाचेत जमतो. उंचवट्यावर थर पातळ राहतो, खालचा फिका प्रायमर दिसतो. खाचेत थर जाड होतो, तिथे आपोआप सावली पडते. म्हणजे तिन्ही टप्पे एका हातात.

कल्पना जुनीच आहे. पूर्वी लोक लाकडाला मारायचं तपकिरी व्हार्निश घेऊन त्यात मिनी बुडवायचे आणि झटकायचे. आर्मी पेंटरने तीच युक्ती क्विकशेड नावाने डब्यात भरून विकली. सैन्य पटकन व्हायचं, पण सगळ्यांना एकच तपकिरी छटा आणि वर काचेसारखी चकाकी, की मग मॅट व्हार्निश मारून ती घालवा. सिटाडेलने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट आणले तेव्हा खरा फरक पडला तो रंगसंगतीत. लालची सावली गडद लाल, हिरव्याची गडद हिरवी. २०२२ मध्ये आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आणि व्हॅलेहोचे एक्सप्रेस कलर आले आणि निवड करायला वाव मिळाला.

आता माझा मुद्दा. या रंगांची जाहिरात 'एक जाड हात, काम तमाम' अशा थाटात होते. रंग लावायचा वेळ वाचतो हे खरं, पण ढीग का साचतो ते बघा. एका मिनीवर ब्रश फिरण्याचा वेळ हा एकूण वेळेचा लहानसा हिस्सा असतो. साच्याच्या रेषा खरवडणं, चिकटवणं, प्रायमर, वाळण्याची वाट, बेस, व्हार्निश, यांत जास्त वेळ जातो, आणि त्यातलं काहीही हे रंग कमी करत नाहीत. उलट साच्याच्या रेषेच्या बाबतीत ते काम वाढवतात. साध्या जाड रंगाखाली एखादी बारीक रेष खपून जाते. कॉन्ट्रास्ट मात्र त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जमतो आणि तिला काजळ घातल्यासारखी उठवून दाखवतो. सांगाड्याच्या मांडीच्या हाडावरून अशी रेष गेली की टेबलाच्या पलीकडच्या माणसालाही दिसते. म्हणजे रंगवताना वाचलेला वेळ आधी सुरीच्या पाठीने खरवडण्यात घालवायचा.

खरी बचत होते ती निर्णयांची. साध्या रंगांत प्रत्येक टप्प्याला प्रश्न असतो: वॉश कुठला, उजळ छटा कुठली, किती उजळ, इथे थांबू का अजून एक हात मारू? दिवसभर काम करून रात्री टेबलाशी बसल्यावर नेमकं तिथेच माझं घोडं अडायचं. कॉन्ट्रास्टमध्ये पट्ट्याला स्नेकबाइट लेदर ही तपकिरी छटा लावली की पट्टा संपला. त्याच्याकडे पुन्हा बघायचं नाही. मुदत असताना ही सवय म्हणजे अर्धी लढाई आहे.

तिन्ही रंगांतला फरक माझ्या हाताला जाणवला तो असा. कॉन्ट्रास्टच्या छटा सगळ्यात खोल वाटतात, आणि सावली-उजेडातलं अंतर नाट्यमय असतं. डबी १८ मिलीची, वर उघडणाऱ्या झाकणाची. ब्रश थेट बुडवता येतो म्हणून काम पटापट होतं. पण अशी डबी टेबलावर उघडी ठेवून काम करणं म्हणजे संकटाला आमंत्रण, म्हणून मी ती एका जड साच्यात बसवून ठेवते. लॅबमध्ये प्लास्टरची कमतरता नसते. बाकीचे दोन्ही रंग १८ मिलीच्या ड्रॉपर बाटलीत येतात. थेंब मोजून घेता येतात, मीडियमशी प्रमाण ठरवता येतं आणि पुढच्या तुकडीला तेच प्रमाण पुन्हा साधतं. छटा जुळवून पोट भरणाऱ्या बाईला हे फार महत्त्वाचं. स्पीडपेंटच्या बाटलीत मिसळायची गोळी असते आणि ती हवीच, कारण हे सगळेच रंग तळाशी बसतात. बाटली हातात घेतली की आधी नीट हलवा, मग झाकण काढा. एक्सप्रेस कलर वाळल्यावर मला जास्त मॅट वाटला आणि वाळायला जरा वेळ घेतो, त्यामुळे कपड्यांच्या मोठ्या घड्यांवर दोन छटा ओल्यातच एकमेकींत मिसळायला तो बरा.

स्पीडपेंटबद्दल एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. २०२२ ची पहिली आवृत्ती वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटायची. वर दुसरा ओला रंग लावला की खालचा त्यात उतरायचा, पांढरं लावायला जावं तर गुलाबी व्हायचं. २०२३ मध्ये आलेल्या २.० मध्ये हा दोष काढला गेला आणि धातूच्या छटाही आल्या. पण पहिल्या आवृत्तीच्या बाटल्या अजून लोकांच्या खणांत आहेत आणि हातोहात फिरतात. कुणी ढीगभर बाटल्या देऊ केल्या तर लेबलवर २.० आहे का ते आधी बघा. जुनी असेल तर फेकायचं कारण नाही. ज्या भागावर नंतर काहीच लावायचं नाही तिथे वापरा, आणि वरचं व्हार्निश ब्रशने न लावता स्प्रेने मारा.

प्रायमर हा यातला निम्मा रंग आहे, कारण तो शेवटपर्यंत दिसत राहतो. सिटाडेलने कॉन्ट्रास्टसोबत रेथबोन आणि ग्रे सीर असे दोन प्रायमर आणले. पहिला हस्तिदंती, उबदार. दुसरा थंड, फिका राखाडी. हाडं, कातडं, त्वचा यांना रेथबोन. भुतं, निळे-जांभळे कपडे यांना ग्रे सीर. पोत गुळगुळीत हवा. दमट हवेत किंवा फार लांबून स्प्रे मारला तर कण वाटेतच वाळतात आणि मिनीवर खरखरीत लव उठते. साधा रंग अशा लवेवर कसाबसा बसतो. कॉन्ट्रास्ट प्रत्येक कणाभोवती साचतो आणि सांगाड्याला देवी आल्यासारख्या दिसतात. हवेचा भरवसा नसेल तर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, पातळ दोन हात द्या. बोर्डगेममधून येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या मिनी असतील तर आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा आणि स्प्रे एकाच मिनीवर मारून बघा. त्या प्लास्टिकवर काही स्प्रे दिवसेंदिवस चिकट राहतात.

एक सांगाडा कसा उरकतो ते सविस्तर सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. रेथबोन प्रायमर पूर्ण वाळलेला. ब्रश मोठा आणि सिंथेटिक. कोलिन्स्कीचा (नैसर्गिक केसांचा) भारी ब्रश यात घालू नका, हा रंग केसांतून वर चढून धातूच्या नळीत शिरतो आणि ब्रशाची वाट लावतो. स्केलेटन होर्ड या हाडाच्या कॉन्ट्रास्टमध्ये ब्रश भरून घ्यायचा, डबीच्या काठावर एकदा निथळायचा, आणि कवटीच्या माथ्यापासून खाली ओढत यायचं. बरगड्यांवर रंग टेकला की क्षणभर तसाच थांबतो, चकाकतो, आणि मग आपणहून दोन बरगड्यांच्या फटीत उतरतो. बरगडीची पाठ उघडी पडत जाते, हस्तिदंती. मणक्यांत, बोटांच्या पेरांत, डोळ्यांच्या खोबणींत तेच. हे बघायला मला अजून कंटाळा आलेला नाही.

मग डबकी शोधायची. ती ठरलेल्या जागी साचतात: कमरेच्या हाडाच्या वाटीत, ढालीच्या मागे, गुडघ्याच्या मागे, पावलांपाशी बेसवर. दुसरा ब्रश ओला करून कापडावर टिपायचा आणि नुसता डबक्याला टेकवायचा. रंग केसांत ओढला जातो. हे लगेच करायचं. वरून साय धरायला लागली आणि तुम्ही ब्रश घातलात, की ती फाटते आणि तिथे कडा वर आलेला ठिपका कायमचा राहतो. जाहिरातीतला 'जाड हात' शब्दशः घ्यायचा नाही तो यासाठी. भरपूर रंग लावायचा, पण त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही.

हाड वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि साध्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा हे बराच वेळ ओलं राहतं. म्हणून मिनी दहा-दहाच्या टोळीने घ्यायच्या. लाकडाच्या पट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने त्या उभ्या करायच्या. दहाव्याचं हाड होईपर्यंत पहिला वाळायच्या मार्गाला लागतो. वीस-तीस एकदम घेतल्या तर वेग वाढत नाही, फक्त तोच एक रंग लावून लावून जीव विटतो आणि मग ती पट्टी दोन आठवडे तशीच पडून राहते. पुढचा क्रम आतून बाहेर: हाड, मग चिंध्या, मग पट्टे, मग धातू. धातूला मी लेडबेल्चर हा धातूचा रंग आणि वर नल्न ऑइल हा काळा वॉश वापरला, दोन्ही कॉन्ट्रास्ट नव्हेत. जुनाट तलवारीला यापेक्षा जास्त लाड नकोत. ढाली वेगळ्या रंगवून शेवटी चिकटवल्या. प्लास्टिक वितळवणारा गोंद रंगावर धरत नाही, त्यामुळे जोडायच्या जागेचा रंग खरवडावा लागतो किंवा सुपरग्लू लावावा लागतो.

आता ती सगळ्यात महत्त्वाची बाटली, जी कुणाच्या शिफारशीत पहिल्या ओळीत नसते: प्रायमरच्या छटेचा साधा, झाकणारा रंग. रेथबोन स्प्रेमध्ये मिळतो तसाच डबीतही मिळतो. तपकिरी पट्टा रंगवताना ब्रश बरगडीला लागणार, हे धरूनच चाला. साध्या रंगात वरून मूळ रंग फिरवला की चूक झाकली जाते. इथे रंग पारदर्शक असल्याने तपकिरीवर स्केलेटन होर्ड लावून काहीच होत नाही. आधी तो डाग डबीतल्या रेथबोनने झाकायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर पुन्हा हाडाचा रंग. जोड किंचित दिसतो, पण टेबलावरून नाही. ही डबी नसेल तर मुदतीच्या आदल्या रात्री एका डागापायी अख्खा सांगाडा परत प्रायमरला जातो.

पातळ करायचं असेल तर पाण्याने नको, मीडियमने करा. पाणी घातलं की तो वाहण्याचा गुण बिघडतो आणि वाळल्यावर कडेला रेघा उमटतात. मीडियम घातलं की छटा फिकी होते, वागणूक तशीच राहते. दोन भाग मीडियमला एक भाग रंग, असं पिशाच्चांना चाललं. ग्रे सीरवर एथरमॅटिक ब्लू इतका पातळ करून वरून खाली ओढला, झग्याच्या टोकांकडे दुसरा हात दिला, झाली पिशाच्चं. संपूर्ण ढिगातलं सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात जास्त कौतुक झालेलं काम हेच.

झोंबींना दुसरी पद्धत वापरली, जिला हल्ली स्लॅपचॉप म्हणतात. काळा प्रायमर, त्यावर राखाडीचा जोरदार ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं), मग फक्त वरून पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश. मिनी कृष्णधवल छायाचित्रासारखी दिसायला लागली की त्यावर कॉन्ट्रास्टचे हात. रंग मळकट येतात, आणि झोंबीला मळकटच हवेत. त्वचेला प्लेगबेअरर फ्लेश, कपड्यांना उरलंसुरलं काहीही, जखमांना फ्लेश टेअरर्स रेड. ड्रायब्रशला मेकअपचा गोल मऊ ब्रश घ्या, छंदाच्या नावाने विकला जाणारा ताठ ब्रश रेघा ओढतो. पण स्वच्छ, तेजस्वी रंगांचं सैन्य हवं असेल तर ही पद्धत टाळा. काळ्यावरचा पिवळा हा पिवळा राहत नाही, शेवाळी होतो.

माझा भाचा जुन्या पद्धतीचा भक्त आहे, थरावर थर चढवतो. माझी पट्टी बघून म्हणाला, "मावशी, हे चीटिंग आहे."

"तुझा तो सरदार झाला का रे?"

"झगा चाललाय अजून."

त्याच्या झग्याला तोड नाही हे कबूल. आणि त्याचा एक आक्षेप रास्त होता: नुसत्या कॉन्ट्रास्टवर सोडलेली तुकडी लांबून जरा मंद दिसते, कारण रंगाचा पातळ पडदा सगळ्यावरच असतो, सगळ्यात उंच टोकंही पूर्ण उजळ राहत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. सगळं वाळल्यावर कवटी, खांदे, गुडघे यांच्यावरून फिक्या हस्तिदंती रंगाचा अगदी कोरडा ब्रश फिरवायचा. दहा मिनींना मिळून काही मिनिटं लागतात आणि सैन्य एकदम उठून दिसतं. तरीही पुढाऱ्यांसाठी मी त्याच्यासारखंच केलं. जी मिनी लोक हातात उचलून बघतात तिच्यावर वेळ घालवणं परवडतं.

आता पांढरा. दातांच्या छटांची जी जुनी पट्टी जगभर वापरतात, त्यात ए१ पासून डी४ पर्यंत १६ छटा आहेत, आणि त्यातली एकही पांढरी नाही. काही तांबूस-तपकिरी, काही तांबूस-पिवळ्या, काही राखाडी. हाडाचं तसंच. म्हणून नुसता पांढरा फासलेला सांगाडा मला खडूचा वाटतो. स्केलेटन होर्ड डबीतून थेट लावला तर उलट दिशेला जातो: फार पिवळा, धुराने माखल्यासारखा. निम्मं मीडियम घातलं की वाळलेल्या हाडाच्या जवळ येतो. दात मात्र या रंगाने कुणी न सांगता बरोबर रंगवले. खऱ्या दाताचा रंग हिरडीपाशी गडद आणि टोकाकडे फिका असतो, दोन दातांच्या फटीत सावली असते. कॉन्ट्रास्टही नेमका फटीत आणि मुळाशी जमतो. तीन मिलिमीटरच्या जबड्यात हे बघून मी भिंग खाली ठेवलं आणि भाच्याला हाक मारली. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

अपोथेकरी व्हाइट नावाच्या कॉन्ट्रास्टकडून खऱ्या पांढऱ्याची अपेक्षा ठेवू नका. तो थंड राखाडी सावली देणारा रंग आहे. पांढऱ्या प्रायमरवर कफन, पिसं, संगमरवर यांना उत्तम. पिवळ्या कॉन्ट्रास्टबद्दलही सावध राहा. सावली नारिंगीकडे जाते, आणि ती आवडणारे व न आवडणारे असे दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटात.

आणि मग ड्रॅगनचे पंख. या जातीच्या रंगांची मर्यादा बघायची असेल तर मोठा सपाट भाग घ्या. खाचच नाही, तर रंग जाणार कुठे? तो मधे फिरत राहतो, कडेने आधी वाळतो, आणि पंखावर ओल उतरलेल्या भिंतीसारखे नकाशे उमटतात. दुसरा हात दिला की नकाशावर नकाशा. रणगाड्याच्या पत्र्यावर, मोठ्या खांदाकवचांवर हेच होतं. पंखांना मी शेवटी साध्या रंगाचा हात दिला, त्यावर शिरांच्या दिशेने ड्रायब्रश, आणि वर मीडियममध्ये खूप पातळ केलेला व्हॉलुपस पिंक, तोही हाडाच्या दोन काड्यांमधला एकेक पडदा वेगवेगळा घेऊन. एक पडदा पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही, आणि वाळेपर्यंत परत त्याच्याकडे जायचं नाही. एअरब्रश असेल तर ही कटकट नाही, या रंगांचा पातळ फवारा सपाट भागावर छान बसतो. पण मुदतीच्या तोंडावर एअरब्रश शिकायला जाऊ नका.

बेसबद्दल थोडक्यात: रंगाइतकंच लक्ष बेसकडे द्या, कारण टेबलावर वरून बघताना डोळ्यांना आधी तोच दिसतो. पोतयुक्त पेस्ट, त्यावर तपकिरी वॉश, ड्रायब्रश, आणि कडा एकाच रंगाने नीट गोल. सगळ्या सैन्याच्या कडा एकसारख्या असल्या की निम्म्या चुका पोटात घातल्या जातात.

व्हार्निश टाळू नका. उंचवट्यावर या रंगाचा थर सगळ्यात पातळ, आणि बोटं लागतात तीही उंचवट्यालाच. कवटीचा माथा, तलवारीची मूठ, ढालीची कड इथे काही खेळांतच खालचा प्रायमर डोकावतो. मॅट व्हार्निश मारलं की चकाकीही एकसारखी होते. नाहीतर एकाच मिनीवर काही भाग तुकतुकीत, काही कोरडे दिसतात. स्प्रेचं व्हार्निश दमट हवेत पांढुरकं धुकं धरतं, तेव्हा आधी एखाद्या सुट्या तुकड्यावर मारून बघा. ती शेवटची रात्र असेल आणि बाहेर पाऊस असेल, तर ब्रशने लावायचं घ्या.

तारखेला सैन्य टेबलावर गेलं, नियमात बसलं. लढाईत काय झालं त्याचा या परीक्षणाशी संबंध नाही आणि त्याबद्दल बोलायची माझी इच्छाही नाही.

पुन्हा घेईन अशा बाटल्या: स्केलेटन होर्ड, स्नेकबाइट लेदर, वाइल्डवुड, प्लेगबेअरर फ्लेश, एथरमॅटिक ब्लू, ब्लॅक टेम्प्लर. यांतल्या पहिल्या दोन तर मी संपवल्या. शिवाय डबीतला रेथबोन. कपड्यांसाठी एक-दोन छटा एक्सप्रेस कलरमधल्या. मोठे संच बघून भुलू नका. त्यातल्या निम्म्या छटा एकमेकींच्या चुलत बहिणी असतात आणि वापरल्या जात नाहीत. मीडियम मात्र एक बाटली जास्तच मागवा. रंगाची बाटली अर्धी असते तेव्हा मीडियमची संपलेली असते, आणि ती संपते तेव्हा नेमकी पिशाच्चं राहिलेली असतात.